लिनक्सवरच्या खेळाडूला दारातून परत पाठवू नका

प्रति,
ऑनलाइन गेम बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या सर्व कंपन्या

विषय : अँटी-चीटच्या (गेममधली लबाडी पकडणाऱ्या प्रोग्रामच्या) नावाखाली लिनक्सवाल्यांना घातलेली बंदी

स.न.वि.वि.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी वेगळा गेम बनवा, हे सांगायला हे पत्र लिहिलेलं नाही. ती मागणी करून करून आमच्यातले जुनेजाणते थकले आणि तुम्हीही ऐकून ऐकून विटलात. तुमचं गणित आम्हाला कळतं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या दरमहाच्या पाहणीत लिनक्सचा वाटा ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिल्यांदा तीन टक्क्यांच्या वर गेला, आणि तेवढ्यावर आम्ही दिवाळी साजरी केली. एवढ्याशा गिऱ्हाइकासाठी वेगळी टीम, वेगळं टेस्टिंग, वेगळा सपोर्ट कोण ठेवणार? रस्ट या गेमने २०१९ मध्ये आपली लिनक्स आवृत्ती बंद केली, रॉकेट लीगने मार्च २०२० मध्ये. वाईट वाटलं, पण दोघांनीही पैसे परत द्यायची तयारी दाखवली होती. हिशेब तिथे मिटला.

आताची मागणी त्याहून फार लहान आहे. तुमचा विंडोजसाठीचा गेम आमच्याकडे आपला आपण चालतो. चालता गेम मध्ये येऊन बंद पाडू नका, इतकंच.

तो चालतो कसा, हे तुमच्या प्रोग्रामरना ठाऊक असेल. निर्णय घेणाऱ्या टेबलावर बहुधा नसावं. वाइन नावाचा प्रकल्प १९९३ पासून एकाच कामाला लागलेला आहे : विंडोजचे प्रोग्राम दुसरीकडे चालवणं. त्याच्या पायावर स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन उभा केला. त्यात विंडोजच्या चित्र काढायच्या आज्ञा बदलून देणारा डीएक्सव्हीके नावाचा एक भाग आहे. एका प्रोग्रामरला नीअर ऑटोमाटा हा गेम लिनक्सवर खेळायचा होता, म्हणून त्याने तो लिहायला घेतला. हौसेला मोल नसतं ते असं.

'प्ले' दाबल्यावर काय होतं ते जरा जवळून बघा. स्टीमच्या कॉम्पॅटडेटा फोल्डरमध्ये तुमच्या गेमच्या नंबरचं एक फोल्डर तयार होतं. त्यात एक लुटुपुटीचा सी ड्राइव्ह, त्यात विंडोज नावाचं फोल्डर, त्याच्या पोटात सिस्टम ३२. वापरणाऱ्याचं नाव घरात कोणीही खेळो, एकच : स्टीमयूजर. तुमचा गेम तिथे जागा होतो, इकडेतिकडे बघतो, सगळं ओळखीचं दिसतं आणि माय डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह फाइल टाकून कामाला लागतो. चित्र काढायची प्रत्येक आज्ञा तो डायरेक्टएक्स या विंडोजच्या भाषेत देतो, ती वाटेत लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कनमध्ये बदलून ग्राफिक्स कार्डाकडे जाते. गेमला याचा पत्ताही नसतो. कधी कधी गेमचं यात भलंच होतं. एल्डन रिंग २०२२ मध्ये आला तेव्हा विंडोजवर अडखळायचा म्हणून ओरड झाली होती. व्हॉल्व्हच्या ग्राफिक्सवाल्यांनी प्रोटॉनमध्ये दुरुस्ती केली आणि स्टीम डेक या व्हॉल्व्हच्या हातात धरून खेळायच्या मशीनवर ते अडखळणं बरंच कमी झालं. गेमच्या कंपनीने त्यासाठी काडीही हलवली नव्हती.

आमच्याकडे सगळं आलबेल आहे, असं मी म्हणत नाही. एनव्हिडियाच्या कार्डावर डायरेक्टएक्स १२ चे काही गेम विंडोजपेक्षा हळू पळतात. विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवर (डिस्कच्या विंडोज-पद्धतीच्या भागावर) ठेवलेली जुनी स्टीम लायब्ररी तशीच उचलून वापरायला जावं तर प्रोटॉन हटकून रुसतो. ती लिनक्सच्या पार्टिशनवर हलवावी लागते आणि हे नवख्याला कोणी आधी सांगत नाही. पण ही आमची दुखणी आहेत. ती आम्ही निस्तरतो आणि त्यासाठी तुमच्या सपोर्टला मेल पाठवत नाही.

आता हे लिनक्सवाले म्हणजे नेमके कोण? दहा वर्षांपूर्वी हा प्रश्न विचारला असता तर उत्तर सोपं होतं : काळ्या खिडकीत हिरव्या अक्षरांत कमांड टाइप करत बसणारे हौशी. आता तसं राहिलेलं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचाच चालतो. ज्या डेस्कटॉपवर मी हे पत्र लिहितोय त्यात सातव्या पिढीचा प्रोसेसर आहे. मेमरी भरपूर, ग्राफिक्स कार्ड नंतर घेतलेलं, डिस्क एसएसडी. धडधाकट मशीन नियमात बसत नाही म्हणून भंगारात काढायला माझं मन झालं नाही. असा विचार करणारे पुष्कळ निघाले. लिनक्सच्या वेगवेगळ्या वितरणांपैकी (तयार आवृत्त्यांपैकी) कोणी लिनक्स मिंट टाकलं, कोणी फेडोरा, आणि फक्त गेम खेळायचे आहेत त्यांनी बझाइट, जे सुरू होतानाच स्टीम घेऊन येतं. यातल्या बऱ्याच जणांना सिस्टिमचा गाभा असलेला कर्नल म्हणजे काय हे माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. शिवाय फेब्रुवारी २०२२ पासून लोकांच्या हातात पोचलेला स्टीम डेक आहेच. त्यात आर्च लिनक्सवर बेतलेलं स्टीमओएस असतं. डेकवर खेळणाऱ्याला आपण लिनक्स वापरतोय याची जाणीवही नसते. ज्या दिवशी तुमचा एखादा पॅच येतो आणि काल चालणारा गेम उघडत नाही, त्या दिवशी ती होते.

असा दिवस माझ्याही वाट्याला आला. गेमचं आणि कंपनीचं नाव घेत नाही, कारण कंपनी कुठलीही असली तरी गोष्ट तीच असते. मित्र लॉबीत थांबलेले. गेम उघडला, लोगो आला, मेन्यूतलं संगीत सुरू झालं. बंदुकीला नवा रंग लावता आला. आतलं दुकान उघडं होतं. खऱ्या पैशांत पोशाख घेण्याची पूर्ण सोय तिथे अबाधित होती. सामना सुरू करायला गेलो, तशी पाटी आली : तुमच्या सिस्टिममध्ये अनधिकृत सॉफ्टवेअर आढळलं आहे. अनधिकृत सॉफ्टवेअर म्हणजे माझी अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम! हेडफोनमध्ये मित्र विचारतोय, "अरे, तुला बॅन केलं की काय? काय लावलं होतंस?" त्याला काय सांगणार?

तुमच्या बाजूनेही जरा बघू, कारण ती अगदीच पोकळ नाही. लिनक्सचा कर्नल कोणीही उघडून, बदलून, पुन्हा बांधून वापरू शकतो. अँटी-चीट कर्नलला विचारणार, "या गेमच्या मेमरीत कोणी हात घातला का?" आणि चीटरने तो कर्नलच स्वतः बांधलेला असेल, तर तो बिनदिक्कत "नाही" म्हणणार. एपेक्स लेजेंड्स मार्च २०२२ पासून डेकवर चालत होता आणि ३१ ऑक्टोबर २०२४ ला तो लिनक्ससाठी बंद झाला, तेव्हा दिलेलं कारण याच जातीचं होतं : लिनक्सचा मोकळेपणा चीट बनवणाऱ्यांच्या पथ्यावर पडतो, आणि खरा डेक कुठला अन् डेक असल्याचं भासवणारा चीटर कुठला हे ओळखता येत नाही. तांत्रिकदृष्ट्या यात तथ्य आहे. आमच्यातले काही जण हे मानतच नाहीत. मला तो हट्ट वाटतो.

पण मग विंडोजवर चीटर संपले का? तिथे तर तुम्ही थेट कर्नलमध्ये ड्रायव्हर बसवता. आता तर बॅटलफील्ड ६ सारख्या गेमला सिक्युअर बूट (फक्त सही केलेली सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) चालू असल्याशिवाय आत जाता येत नाही. तरीही चीट विकणारे दुकान मांडून बसलेच आहेत. त्यांनी कॉम्प्युटरच्या आत शिरायचं सोडून दिलं. पीसीआयच्या खाचेत एक कार्ड बसवतात, ते मेमरी परस्पर वाचून दुसऱ्या कॉम्प्युटरकडे पाठवतं, आणि पहिल्या कॉम्प्युटरवर चीटचा प्रोग्राम म्हणून काही सापडतच नाही. तुमच्या सुरक्षेवाल्यांची झोप ज्याने उडवली आहे ते हे प्रकरण. ते विंडोजवर चालतं.

आणि कर्नलमध्ये शिरण्याची किंमत कोण मोजतं? १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर आणून ठेवले. तो अँटी-चीट नव्हता, सुरक्षेचाच प्रोग्राम होता, पण बसायची जागा तीच. २०२२ मध्ये तर गेनशिन इम्पॅक्ट या गेमचा अँटी-चीट ड्रायव्हर रॅन्समवेअर (फाइली अडवून खंडणी मागणारा प्रोग्राम) पसरवणाऱ्यांनी वापरल्याचं उघड झालं. त्यावर रीतसर डिजिटल सही होती, म्हणून विंडोजने त्याला आत घेतलं आणि त्याने अँटीव्हायरस बंद पाडून दिला. ज्या मशीनवर हे झालं तिथे तो गेम असण्याचीही गरज नव्हती. डाव मांडायला आलेल्या माणसाने आधी कपाटाच्या किल्ल्या मागाव्यात, तशातला हा प्रकार. स्टीमने ऑक्टोबर २०२४ पासून कर्नलमधल्या अँटी-चीटची नोंद गेमच्या पानावर सक्तीची केली, ती उगीच नाही.

याला दुसरी वाट आहे आणि ती तुमच्यातल्याच काहींनी चोखाळली आहे. व्हॅलोरंटचं उदाहरण घ्या. त्याचा अँटी-चीट व्हॅनगार्ड लिनक्सला अजिबात थारा देत नाही. मे २०२४ मध्ये तो लीग ऑफ लेजेंड्सलाही लावला आणि तोवर वाइनवर चालणारा तो गेमही गेला. पण त्याच व्हॅलोरंटमध्ये भिंतीपलीकडचा शत्रू दिसण्याच्या बेतात येईपर्यंत त्याची जागा सर्व्हर तुमच्या कॉम्प्युटरला सांगतच नाही. जे पाठवलंच नाही ते चोरणार कसं? हे काम सर्व्हरवर होतं. समोर विंडोज आहे की लिनक्स, त्याला काही फरक पडत नाही. हे प्रत्येक गेमला जमेल असं नाही आणि निशाणा आपोआप धरून देणाऱ्या चीटवर याचा उपाय नाही, हे कबूल. काउंटर-स्ट्राइक २ लिनक्सवर सरळ चालतो, त्याचा अँटी-चीट व्हॅक कर्नलमध्ये शिरत नाही, आणि तिथे चीटरांच्या नावाने रोज शंख होतो, हेही कबूल. अटीतटीचे सामने खेळणारे म्हणूनच फेसइट या सामने भरवणाऱ्या वेगळ्या सेवेकडे जातात, आणि फेसइटचा अँटी-चीट फक्त विंडोजवर आहे.

म्हणून मी सरसकट सगळे गेम उघडा असं म्हणत नाही. बक्षिसाची रक्कम लावलेली स्पर्धा आहे, क्रमवारीचा सामना आहे, तिथे आम्हाला बाहेर ठेवलंत तर मी समजून घेईन. माझ्या ओळखीतले कडवे लिनक्सवाले या वाक्यावर मला धारेवर धरतील, धरू देत. पण चार मित्र मिळून राक्षस मारतात, त्या गेमचं काय? तिथे चीट केलं तर कोणाचं बिघडतं, राक्षसाचं? हेलडायव्हर्स २ मध्ये विंडोजवर कर्नलमधला गेमगार्ड हा अँटी-चीट आहे, तरीही तो गेम प्रोटॉनवर चालतो. त्यांना जमतं. क्रमवारी आणि साधा खेळ यांना वेगवेगळे नियम लावायला कोणाची आडकाठी आहे?

तुम्हाला यासाठी किती खपावं लागतं, तेही बघू. सप्टेंबर २०२१ मध्ये इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या बऱ्याच गेममध्ये वापरल्या जाणाऱ्या दोन अँटी-चीटनी प्रोटॉनवर चालायची सोय जाहीर केली. बॅटलआयच्या बाबतीत गेमच्या कंपनीने त्यांना कळवायचं, आमच्या गेमसाठी चालू करा म्हणून, एवढंच. इझी अँटी-चीटच्या बाबतीतही जानेवारी २०२२ नंतर गेम नव्याने बांधावा लागत नाही. सेटिंग चालू करायचं आणि लिनक्ससाठीची एक छोटी फाइल गेमसोबत ठेवायची. डेझेड आणि आर्मा ३ बॅटलआय लावून आमच्याकडे चालतात. आणि याच बॅटलआयच्या जोरावर, सप्टेंबर २०२४ मध्ये जीटीए ऑनलाइन डेकवर बंद झालं. सोय हाताशी असूनही. डेस्टिनी २ वाल्यांनी तर २०२२ मध्ये लिहूनच टाकलं की प्रोटॉनवर गेम चालणार नाही आणि कोणी बंदी चुकवायचा प्रयत्न केला तर बॅन करू. सगळ्यात मौज फोर्टनाइटची. इझी अँटी-चीट हा फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिकच्याच मालकीचा आहे. त्यांनी सगळ्या जगाला लिनक्सची सोय देऊ केली आणि स्वतःच्या गेममध्ये ती आजवर चालू केली नाही.

'ड्युअल बूट करा की', म्हणजे लिनक्सशेजारी विंडोजही ठेवा, हे उत्तर आम्हाला तोंडपाठ आहे. करतातही काही जण. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर अशाच अनेकांचं लिनक्स सिक्युअर बूटच्या तक्रारीवर अडून सुरू होईना, आणि ज्यांना अर्ध्या तासाचा एक सामना खेळायचा होता ते रात्री उशिरापर्यंत फर्मवेअरच्या सेटिंग्ज चाळत बसले. शिवाय ज्याच्या मशीनवर विंडोज ११ चढतच नाही, त्याने दुसऱ्या पार्टिशनवर काय टाकायचं?

कर्नलवर भरवसाच हवा असेल तर बोलायला जागा आहे. टीपीएम आणि सिक्युअर बूट लिनक्सवरही चालतात. स्टीमओएस आणि बझाइटमध्ये सिस्टिमचा मूळ भाग लिहिण्यासाठी बंद असतो, सगळ्यांकडे त्याची तीच तयार प्रत असते. अशा ठरावीक, सही केलेल्या सिस्टिमना ओळखून आत घ्यायची पद्धत बसवता येईल. ती सोपी नाही, आणि स्वतःचा कर्नल बांधणारे आमचेच भाईबंद तीवर तुटून पडतील. तरी तुम्ही, व्हॉल्व्ह आणि या वितरणांचे लोक एका टेबलावर बसलात, तर निदान 'लिनक्स म्हणजे चीटर' याच्या पुढे गाडी सरकेल. आज तुम्ही चर्चेला येतच नाही. एका रात्रीत पॅच येतो.

चुकतं कुठे आणि दुरुस्त होतं कसं, याचं एक चांगलं उदाहरण मार्व्हल रायव्हल्सचं आहे. जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला त्यांनी चीटरांना पकडताना मॅक, लिनक्स आणि डेकवरून खेळणाऱ्यांनाही बॅन केलं. लोकांनी दाद मागितली. गेमच्या कंपनीने, नेटइजने, तपासलं, बॅन उठवले, दिलगिरी व्यक्त केली. गेम स्पर्धेचाच आहे आणि प्रोटॉनवर चालतोही.

एवढं करूनही तुमचा निर्णय 'नाही' असाच असेल, तर तो पैसे घेण्याआधी सांगा. गेमच्या पानावर, किमतीच्या शेजारी, स्पष्ट : ऑनलाइन भाग लिनक्सवर चालणार नाही. एकट्याने खेळायचा भाग चालणार असेल तर तेही लिहा. जीटीए ५ ची कथा आमच्याकडे मजेत चालते आणि फक्त ऑनलाइन अडतं, हे नव्या गिऱ्हाइकाला कुठल्या तरी चर्चेत खोल उतरून शोधावं लागतं. आज हे काम स्वयंसेवकांनी चालवलेल्या याद्या करतात. कुठला अँटी-चीट, चालतो की नाही, कधी तुटला, सगळं तिथे टिपलेलं असतं, आणि दर काही दिवसांनी कोणीतरी स्वतःचा गेम विकत घेऊन ते तपासतो.

आणि आधी चालणारा गेम तुम्ही नंतर बंद केलात, तर पैसे परत द्या. स्टीमचा नेहमीचा रिफंड खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळलं असेल तरच मिळतो. तुमचा पॅच दोन वर्षांनी येतो. तोवर माणसाने शेकडो तास आणि पोशाखांवर पैसे घातलेले असतात. रस्ट आणि रॉकेट लीगने जे केलं ते करायला नवा कायदा लागत नाही. ते नसेल जमत, तर निदान आतलं दुकान त्या दिवसापासून आमच्यासाठी बंद ठेवा.

माझ्या विशलिस्टमध्ये आजही असे काही गेम आहेत ज्यांच्या पानावर याबद्दल एक अक्षर नाही. त्यांच्या कंपन्यांना मी वेगळे मेल पाठवले आहेत, हेच सगळं थोडक्यात लिहून. उत्तर येईपर्यंत ते विशलिस्टमध्येच राहतील, सेल लागला तरी.

कळावे,
आपला,
लिनक्सवर खेळणारा एक ग्राहक